कमानीवरचं 'मूळ'

पावसानं यंदा काय केलं आणि डाळिंबाला काय भाव मिळाला, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मला वर्षभर खुपतोय एकच शब्द : फुटीर.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागाला तो चिकटला २०२२च्या नोव्हेंबरात. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगितला, तोही गावांच्याच जुन्या ठरावांच्या जोरावर. मुंबई दचकली. ठराव झाले होते पाण्यापायी. म्हैसाळ योजनेतून कृष्णा तालुक्याच्या पश्चिमेला पोचली, पूर्वेला टँकरच राहिले; आणि सरहद्दीपलीकडे तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी डोळ्यांना दिसत होतं. ओरडून घसा बसला तेव्हा गावं म्हणाली, 'आम्ही निघतो.' अर्थतज्ज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० सालीच लिहून ठेवलंय : निघून जाण्याची सोय असली, की बोलण्याला वजन येतं. आलंच की! पूर्वेसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या फायलींना त्या दाव्यानंतर वेग आला.

फुटणाऱ्यांची तऱ्हा निराळी. इटलीचा कम्युनिस्ट पक्ष १९९१ मध्ये फुटला, त्याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ फाबिओ सानी आणि सहकाऱ्यांनी केला. बाहेर पडलेल्यांचं म्हणणं होतं, आम्ही जागेवरच आहोत, वाट सोडली ती पक्षानं. आपल्याकडे २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, तेव्हा भांडण पेटलं ते नाव आणि चिन्हावरून. नुसत्या पैशाच्या खोक्यांनी या भांडणाचा उलगडा होत नाही. (आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचीही वर्गणीच्या हिशेबावरून दोन झाली. नव्या मंडळानं कमानीवर ठळक रंगवलंय, 'मूळ'.)

जतच्या पूर्वेकडच्या उमदी-तिकोंडीसारख्या गावांनी असलं नाव-चिन्ह काही मागितलं नव्हतं. १९४८ पर्यंत हा मुलूख डफळ्यांच्या संस्थानात, मग दक्षिण साताऱ्यात, १९६० पासून सांगलीत. घरोघरी कन्नड, कचेरीत मराठी. गुड्डापूरच्या दानम्मादेवीला दोन्हीकडची गर्दी. अशा माणसांना सरहद्दीचं अप्रूप कितीसं असणार?

या अंकाचा विषय 'वाटण्या' आहे, म्हणून हे सगळं इथं बसवलं. विषय दुसरा असता तरी बसवलंच असतं. पूर्व भागातून आलेला एक लेख मुळात कन्नड होता, तो मराठी करून घेतलाय. तुम्ही अंक राशिभविष्यापासून उघडता, हे इतक्या वर्षांत कळून चुकलंय. यंदा तेवढा लेख आधी वाचा, भविष्य कुठं पळून जात नाही.