फुलाच्या मापानं झाड

बोन्सायच्या कलेत जवळजवळ सगळं माणसाच्या हातात असतं. फांदी तारेनं वळवता येते, मुळं छाटता येतात, पानं खुडून पुढची पालवी बारीक करून घेता येते. फुलापुढे मात्र हात टेकावे लागतात. झाड कितीही लहान केलं तरी फूल लहान होत नाही. वडाचं बोन्साय करणाऱ्याला याची फिकीर नाही. विस्टेरियाचं करणाऱ्याचा मात्र सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

विस्टेरिया, जपानी लोकांचा ‘फुजी’, हा करंज-पळसाच्या कुळातला, शेंगा धरणारा महावेल. मोकळा सोडला तर तो काय करतो, ते तोचिगी प्रांतातल्या आशिकागा फ्लॉवर पार्कमध्ये दिसतं. तिथला एक वेल 150 वर्षांहून जुना आहे. 1996 साली तो सुमारे 20 किलोमीटरवरून उचलून या बागेत आणला. आज त्याच्या मांडवानं सुमारे 1,000 चौरस मीटर जागा व्यापली आहे.

या जपानी जातीचा घोस सहज फूटभर लोंबतो, काही वाणांचा तर मीटरभर. कुंडीतही तो तेवढाच राहतो. वीतभर झाडाला फूटभर घोस लागला तर तो मातीत लोळणार. म्हणून जाणकार जाड खोडाचं, दोन-अडीच फुटांचं झाड घेतात, फांद्या खाली उतरत्या ठेवतात, कुंडी उंच तिवईवर मांडतात आणि कळ्या फार दाट आल्या तर काही काढूनही टाकतात. बाकीच्या बोन्सायमध्ये आपण झाडाला मापात बसवतो. इथं माप फूल ठरवतं आणि आपण त्यामागून जातो. मला हा वेल आवडतो तो यासाठी.

बी पेरून हे झाड करायच्या भानगडीत पडू नये. रोपाला पहिलं फूल यायला 10-15 वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. त्यापेक्षा फुलणाऱ्या वेलाच्या जाड फांदीवर गुटी बांधावी, नाहीतर कलमी रोप घ्यावं. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्या हाताला यात नवीन काही नाही.

छाटणीचं गणित आपल्या द्राक्ष बागायतदाराला चटकन कळेल. ऑक्टोबर छाटणीनंतर दिसणारा घड एप्रिल छाटणीनंतरच्या काडीतच तयार झालेला असतो, हे नाशिक-सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही. विस्टेरियाचंही तसंच. पुढच्या वसंतात फूल येणार की नाही, ते आदल्या उन्हाळ्यात ठरतं. फुलं गळाली की शेंगा धरू द्यायच्या नाहीत, त्या झाडाची ताकद खातात. शिवाय शेंगा आणि बिया विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर हेही ध्यानात हवं. मग सुटलेले लांब फोक तिकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये चार-सहा पानांवर छाटायचे आणि पानगळीनंतर दोन-तीन डोळ्यांवर आणायचे. तेव्हा डोळे ओळखताही येतात. टपोरा, गोलसर डोळा फुलांचा. बारीक, टोकदार डोळा पानांचा.

आपल्याकडे झाड फुलत नसलं की पहिला उपाय म्हणजे आणखी खत. इथं तो उलटतो. शेंगवर्गातला असल्यामुळे हा वेल मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतो. वरून युरिया घातला तर पानं माजतात आणि फुलं रुसतात. नत्र कमी आणि पालाश-स्फुरद बेतानं, एवढं पुरे. मुळंही कुंडीत थोडी आवळलेली असलेलीच बरी. पण पाण्यात काटकसर चालत नाही. बोगनवेल ताण दिला की फुलते. विस्टेरिया ऐन उन्हाळ्यात सुकला तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच बसत नाहीत. त्यामुळे जपानी माळी भर उन्हाळ्यात त्याची कुंडी पाण्याच्या उथळ थाळीत ठेवतात. एरवी कुंडीखाली पाणी साचू देऊ नका असं सांगणारे आम्ही, इथं अपवाद मान्य करतो.

एवढं करून मिळतं काय? एप्रिल-मेमधले दोनेक आठवडे. जपानातलं सगळ्यात मानाचं बोन्साय प्रदर्शन म्हणजे 1934 साली सुरू झालेलं कोकुफु-तेन. ते तोक्योत फेब्रुवारीत भरतं आणि तेव्हा विस्टेरियाच्या अंगावर पानही नसतं. फुलं सरल्यावर मोठाली संयुक्त पानं फांद्यांची रचना झाकून टाकतात. बारा महिने दिवाणखान्याची शोभा हवी असेल त्यानं या वाटेला जाऊ नये. मला मात्र यात उणेपणा वाटत नाही. हापूसही बारा महिने मिळत नाही, म्हणून कुणी आंब्याची कलमं लावायचं सोडलेलं नाही.

तरीही पुण्या-मुंबईच्या वाचकांना माझा सल्ला आहे, विस्टेरिया लावू नका. त्याला पानं गाळून झोपायला खरी, सलग थंडी लागते. शिमला-मसुरीला ती मिळते. पुण्यातल्या चार गार पहाटा त्याला पुरत नाहीत आणि मुंबईत तर तेवढ्याही नाहीत. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटावर जांभळ्या मांडवाचा फोटो असतो, पण पाकिटातून हवामान येत नाही. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र खुशाल करून पाहावं. कुंडीतली मुळं कडाक्यात गोठणार नाहीत आणि फुगलेल्या कळ्यांवर उशिराचं हिम पडणार नाही, एवढं सांभाळावं.

इथं जांभळ्या घोसांचीच हौस असेल तर नर्सरीत पेट्रिया नावानं मिळणारा नीलमणी वेल आहे. मधली गडद फुलं गळाली तरी त्याचे फिकट निळे निदलपुंज बरेच दिवस टिकतात. पण त्याचेही घोस लांबच, त्यामुळे झाड मोठंच ठेवावं लागेल. छोट्याच कुंडीत फुललेलं झाड हवं असेल तर कुंती घ्या. तिचं पान बारीक, फूल बेताचं आणि वास घरभर. आपल्याकडची बोन्सायची हौस फोटोतलं जपानी झाड बघून सुरू होते आणि बहुतेकदा तिथंच फसते. रोप निवडताना आधी आपली हवा बघावी, मग फुलाचं माप घ्यावं. कुंडी आणि तार बाजारात केव्हाही मिळते.