गाणाऱ्यांच्या श्वासाचा प्रश्न

कलावंताचे व्यासपीठ हे त्याचे कामाचे ठिकाण असते, ही साधी गोष्ट आपल्या सार्वजनिक चर्चेत क्वचितच मान्य होते. गिरणीतील कापसाच्या तंतूंनी कामगाराची छाती निकामी होते हे कामगार चळवळीने सरकारला पटवून दिले. बंद खोलीत रात्रीमागून रात्री दुसऱ्यांच्या सिगारेटचा धूर गिळत गाणाऱ्या बाईच्या छातीविषयी मात्र कोणी बोलत नाही. पनवेल हे या प्रश्नाकडे पाहण्याचे योग्य ठिकाण आहे.

मुंबई, पुणे आणि कोकण यांच्या वाटा जेथे मिळतात त्या या शहराच्या परिसरात डान्स बार आणि ऑर्केस्ट्रा बार यांचा धंदा फोफावला. ३० मार्च २००५ रोजी शेतकरी कामगार पक्षाचे पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत बेकायदा डान्स बारविषयी लक्षवेधी सूचना मांडली आणि तिला उत्तर देताना तत्कालीन उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीचे सूतोवाच केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बंदी अमलात आली. तारांकित हॉटेले आणि जिमखाने मात्र तिच्यातून वगळले गेले. गरिबांच्या करमणुकीत अनीती आणि श्रीमंतांच्या करमणुकीत संस्कृती पाहणारा हा भेदभाव २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला व १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक स्त्रिया बेरोजगार झाल्याचे त्या खटल्यात मांडले गेले. रोगापेक्षा औषध जालीम, असे मत न्यायालयानेही नोंदविले.

याच काळात दुसरी एक बंदी आली. तिचा गाजावाजा झाला, पण पाठपुरावा झाला नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखालील नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. नाट्यगृहे, उपाहारगृहे, डिस्कोथेक, कामाची ठिकाणे या सर्वांचा ‘सार्वजनिक ठिकाण’ या व्याख्येत समावेश झाला. धूम्रपान करणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड, ठळक फलक लावण्याची मालकावर सक्ती आणि राखदाणी, काडेपेटी ठेवण्यास मनाई, अशी ही रचना आहे. तीस किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना धूम्रपानासाठी वेगळी, पूर्ण भिंतींची, धूर थेट बाहेर फेकणारी खोली ठेवता येते. कायद्याचा हेतू चांगला आहे. पण ज्या बारमध्ये अंधुक प्रकाशात वाद्यवृंद वाजतो, तेथे हे नियम किती पाळले जातात, हे तेथे एकदा जाऊन आलेल्या कोणालाही विचारावे.

बारमालकांचा आक्षेप ठरलेला आहे : धूर बंद केला तर गिऱ्हाईक जाईल, गिऱ्हाईक गेले तर कलावंत उपाशी राहील. हा युक्तिवाद कितपत टिकतो? आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून सर्व बंदिस्त कार्यस्थळांत, पबांसह, धूम्रपान बंद केले आणि त्याचा आधार नोकरांचे आरोग्य हाच होता. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अनेक देशांतील अभ्यास तपासून २००९ साली असा निष्कर्ष काढला की, अशा बंदीने उपाहारगृहांचा व बारचा एकूण व्यवसाय घटत नाही. दुसऱ्यांच्या धुराने कर्करोग होतो हे तर याच संस्थेने त्याआधीच सांगितले होते. ब्रिटनचा लोकप्रिय रंगकर्मी आणि ट्रम्पेटवादक रॉय कॅसल याने आयुष्यभर सिगारेट ओढली नाही. १९९४ साली तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला आणि जॅझ क्लबांतील धुरालाच त्याने आपल्या आजाराचे कारण मानले. गाणाऱ्याला आणि फुंकून वाद्य वाजविणाऱ्याला खोल श्वास घ्यावाच लागतो. त्याने धूर किती घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवते.

तरीही मालकांच्या आक्षेपात एक अर्धसत्य आहे आणि ते आपण नाकारू नये. गिऱ्हाईक एका रात्रीपुरते जरी घटले, तरी तोटा मालकाच्या आधी गायिकेच्या वाट्याला येतो. तिची कमाई बक्षिशीवर चालते आणि आजारी पडली तर रजा नसते. निश्चित वेतन असलेल्या माणसाला बंदी म्हणजे स्वच्छ हवा, आणि बक्षिशीवर जगणाऱ्याला ती आजच्या रात्रीची चिंता. म्हणून आरोग्याचा प्रश्न आणि वेतनाचा प्रश्न एकत्रच सोडवावे लागतील.

न्यायालयांनी या दिशेने काही दारे उघडली आहेत. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या राज्य कायद्यातील अनेक जाचक अटी रद्द केल्या, परंतु कलावंतांशी लेखी करार करण्याची अट कायम ठेवली. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ऑर्केस्ट्रा बारमध्ये चार स्त्रिया व चार पुरुष हे बंधनही त्याच न्यायालयाने मोडीत काढले : एकूण संख्या आठच राहील, स्त्रिया किती व पुरुष किती हे राज्याने ठरवायचे नाही. हे हक्क कागदावर आहेत. ते व्यासपीठापर्यंत पोचविण्याचे काम कोणी करायचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी पनवेलमधील एका बारची तोडफोड केली. नीतीच्या नावाने काचा फोडणे सोपे असते, आणि त्याने फोडणाऱ्याचे नाव होते. आत गाणाऱ्या बाईला त्यातून वेतन मिळत नाही, विमा मिळत नाही, स्वच्छ हवाही मिळत नाही. तिला मिळते ती आणखी एक बेरोजगारीची रात्र.

आपल्या कार्यकर्त्यांनी वेगळी वाट धरली पाहिजे. २०१६ साली स्थापन झालेली पनवेल महानगरपालिका आणि पोलीस प्रशासन यांच्याकडे आपण चार गोष्टींचा आग्रह धरावा. कलावंत जेथे गातात त्या प्रत्येक बंदिस्त जागेत धूम्रपानबंदीची तपासणी व्हावी आणि दंडाचा बडगा गिऱ्हाइकाआधी मालकावर पडावा. धूम्रपानाच्या वेगळ्या खोलीत कोणाही कामगाराला सेवेसाठी पाठवू नये. प्रत्येक कलावंताच्या हाती लेखी करार असावा आणि त्यात किमान रकमेची हमी असावी. आणि तिला, तिच्या साथीदारांना, वेटरला, सफाई कामगाराला कामगार राज्य विमा योजनेचे छत्र मिळावे.

पनवेलजवळच्या शिरढोणचे सुपुत्र वासुदेव बळवंत फडके यांचे नाव या शहराच्या नाट्यगृहाला दिलेले आहे. त्या नाट्यगृहात गाणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो, त्याच्यासाठी स्वच्छ हवेची व्यवस्था असते. महामार्गावरच्या बारमध्ये गाणारीचाही श्वास तोच आहे. तिला आधी कामगार म्हणून ओळखावे, एवढेच मागणे आहे. संघटना बांधण्याची सुरुवात त्या ओळखीतूनच होईल.