कळत नाही, म्हणून आत जायचं नाही?

काळा घोडा महोत्सवात महात्मा गांधी रोडच्या त्या टोकाला पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक मांडणीपुढे सेल्फीची रांग. महोत्सव संपल्यावर एखाद्या बुधवारी दुपारी तिथेच जा आणि जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावून पाहा. ती १९५२ पासून उघडी आहे, तिकीट नाही. तरी दालनात चार-पाच माणसं. रस्त्यावरची ती गर्दी गेली कुठे? विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही.’

मला या वाक्याचा राग येतो, कारण तीन वर्षं मीही तेच म्हणत होतो. कॉलेज जवळच होतं. रोज सीएसएमटीहून चालत त्या दारावरून जायचो. बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्यांपाशी बिनधास्त थांबायचो. ‘केवढ्याला?’ विचारायचो. घोडा जमलाय, आभाळ फार भडक झालंय, असं मतही द्यायचो. दहा पावलांवरच्या दारातून आत मात्र कधी गेलो नाही. म्हणजे चित्र कळत होतं. भीती दाराची होती.

शेवटी आत गेलो तो पावसामुळे. छत्री मोडली होती. कोपऱ्यात खुर्चीवर एक गृहस्थ डबा खात बसले होते. मला वाटलं, वॉचमन. ते चित्रकार निघाले, सांगलीकडचे. इथली तारीख मिळायला काही वर्षं थांबले होते आणि मिळाला होता एक आठवडा. ‘सकाळपासून सात जण आले,’ ते म्हणाले, ‘त्यातल्या तिघांनी बाथरूम कुठंय विचारलं.’ मी एका चित्रातल्या निळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवलं. ‘पूर आहे,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला काय वाटलं?’ मला वाळत घातलेली साडी वाटली होती. लाजत सांगितलं. ते हसले नाहीत. ‘पूर ओसरल्यावर गल्लीभर साड्याच वाळत होत्या,’ म्हणाले.

दोष फक्त आपला नाही. याच भागातल्या एका दालनात चित्राशेजारचा इंग्रजी मजकूर मी तीनदा वाचला आणि तीनदा हरलो. मराठीत एक ओळ नव्हती. अशा पाट्या माणसांना आत बोलवत नाहीत, बाहेर काढतात. त्याबद्दल भांडायलाच हवं. पण भांडायला आधी आत असावं लागतं.

आणि हे जग कुठल्या बड्यांचं म्हणता? १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला, त्यातले आरा घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. गाडे विदर्भातले. त्यांना कुणी दारात विचारलं असतं, ‘तुम्हाला कळतं का?’ तर?

शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गावाकडची कुटुंबं येतात. लघुचित्रापुढे मोठ्याने बोलतात, ‘अगं, कृष्ण बघ कसा उभाय!’ आपण कपाळाला आठ्या घालतो. खरं तर चित्र ती माणसं बघत असतात. आपण पाटी वाचत असतो आणि मग पाटीचा फोटो काढतो.

ज्या काळ्या घोड्यावरून या जागेला नाव पडलं, त्यावर एडवर्ड राजा बसलेला होता. १९६५ मध्ये तो पुतळा इथून हलवला. आता तो राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये नवा घोडा आला, त्यावर स्वारच नाही. राजा जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आपण दाराशी परवानगीची वाट पाहत उभे.

पुढच्या वेळी घोड्याचा फोटो काढून झाला की पायऱ्या चढा. एकच दालन बघा. खुर्चीवर कुणी बसलं असेल, तर मराठीत विचारा, ‘हे निळं काय आहे?’ ते माणूस कदाचित सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत असेल.