फोटोतल्या वहीला गुण कोणाचे?

पहिली-दुसरीच्या मुलाने घरी बसून मोबाईलवर काय शिकलं हे पाहायचं, म्हणून आपण गूगल फॉर्म पाठवतो, वहीचा फोटो मागवतो, आलेल्या फोटोवर अंगठा देतो आणि याला मूल्यमापन म्हणतो. ही नुसती पोच आहे. कुरिअरवाला सही घेतो तशी. पार्सल कोणी उघडलं, आत काय निघालं, याचा त्या सहीशी काही संबंध नसतो.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही घोषणा आली. नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' आला. तो मराठीबरोबर उर्दू माध्यमालाही मिळाला, याचं श्रेय द्यायलाच हवं. छोट्यांचे वर्ग मात्र थेट डिसेंबर 2021 मध्ये उघडले. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव लागलेल्या मुलाची पहिली घरातच संपली आणि दुसरीही निम्म्याहून जास्त घरातच गेली. या काळात आम्हा शिक्षकांना दर आठवड्याला एकच प्रश्न विचारला जायचा : किती टक्के मुलांनी सोडवलं? वाचता कोणाला येतं, हे मला एकदाही कोणी विचारलं नाही.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या पेपरात आमच्याकडून एक शब्द घोकून घेतला होता, सप्रमाणता. जे मोजायचं तेच मोजलं जातं का? आमच्या मोहल्ल्यात घराघरात एक फोन. तो अब्बूंचा, त्यांच्याबरोबर यंत्रमागावर जाणारा. रात्री फोन घरी आला की आठवीतली आपा तिन्ही लहान भावंडांचे फॉर्म जेवण वाढायच्या आधी भरून टाकायची. दहापैकी दहा. मोजलं गेलं ते आपाचं ज्ञान आणि अब्बूंचा डेटा पॅक.

उर्दूच्या बाबतीत तर ही पद्धत मुळातच आंधळी आहे. मराठी वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं. 'बे' एकटा असतो तेव्हा होडीसारखा पसरतो. शब्दाच्या सुरुवातीला त्याचा नुसता एक दात उरतो. 'पे', 'ते', 'नून', 'ये' यांचाही तसाच दात. फरक फक्त नुक्त्यांचा, किती आणि वर की खाली. मुलाने उजवीकडून आधी सगळा जोड ओढायचा आणि नुक्ते नंतर द्यायचे, अशी सवय लावावी लागते. बाकाशेजारी उभं राहिलं की पहिल्या मिनिटात कळतं, हे मूल दात-नुक्ता, दात-नुक्ता करत चाललंय, किंवा मराठीच्या सवयीने डावीकडून सुरू करतंय. फोटोत यातलं काहीच येत नाही. चित्रासारखा उतरवलेला शब्द आणि लिहिलेला शब्द कागदावर सारखेच दिसतात. उलट उतरवलेला कधी कधी जास्त सुंदर असतो.

वाचनाचंही तेच. जेर-जबर छापलेले नसतात, शब्द ओळखीचा असावा लागतो, म्हणून ऐकल्याशिवाय काही समजत नाही. त्यात पाठ्यपुस्तक तिरक्या नस्तालीकमध्ये आणि बहुतेक मोबाईलवर उर्दू दिसते सरळ नस्खमध्ये. माझ्या वर्गातली एक मुलगी स्क्रीन बघून म्हणाली, "टीचर, ये तो अरबी है." बरोबरच होतं तिचं, तसली अक्षरं तिने कायद्यात आणि कुरआनमध्येच पाहिली होती. तिने चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवलं तर त्याला काय म्हणायचं?

मग मूल्यमापन करायचंच नाही का, असं विचारणारे आहेत. करायचं, पण कानाने. तेव्हा माझ्याकडे दुसरी होती, 40 मुलं. प्रत्येकाला आठवड्यातून 5 मिनिटांचा फोन. एकूण 200 मिनिटं, पाच दिवसांत वाटली तर रोज 40. टक्केवारीचे तक्ते भरायला याहून जास्त वेळ जायचा. पान उघडायला सांगायचं आणि ओळीच्या मधूनच सुरू करायला लावायचं. धडा पाठ असलेलं मूल तिथे अडतं, वाचणारं पुढे जातं. मग अम्मीला फोन द्यायचा. "अभ्यास केला का?" हे विचारायचंच नाही, त्याचं उत्तर हो असंच येतं. वाचताना बोट शब्दावर होतं की डोळे छताकडे होते, एवढंच विचारायचं. हे सांगायला अम्मीला लिहिता-वाचता यावं लागत नाही.

यात नवीन काही नाही. राज्याच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची जी साधनं दिली आहेत, त्यांत 'दैनंदिन निरीक्षण' आणि 'तोंडी काम' आधी येतात, चाचणी नंतर. टाळेबंदीत आपण सोयीचं तेवढं उचललं.

आपल्या समाजालाही थोडं ऐकवायला हवं. चार वर्षांच्या मुलाची ऑनलाइन 'एक्झाम', कॅमेऱ्याच्या बाहेर बसून उत्तरं पुटपुटणारी अम्मी आणि संध्याकाळी स्टेटसवर ए प्लसचं सर्टिफिकेट. हेही मी पाहिलंय. केंद्राच्या जुलै 2020 च्या 'प्रज्ञाता' सूचनांत पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त 30 मिनिटं होती, तीही पालकांशी बोलण्यासाठी. परीक्षा कुठून आली? आणि दुसऱ्या बाजूला, लिंक न उघडल्याची टक्केवारी पुढे करून 'उर्दूवाल्यांना शिक्षणाची पर्वाच नाही' म्हणणारे. ज्या घरात फोन रात्री दहाला येतो, तिथे दुपारच्या लिंकवरून शिक्षणाची ओढ मोजता, तर तुम्ही मोजता काय?

2020 मध्ये पहिलीत असलेली काही मुलं दुसऱ्या शाळांतून 2024 मध्ये माझ्या पाचवीत आली. अक्षर सुरेख. नुक्ता झाकला तर ठीक, उघडा असला तरी 'नून' आणि 'बे'मध्ये गोंधळ. एकाच्या अम्मीने पहिलीतले फॉर्मचे निकाल अजून फोनमध्ये जपून ठेवलेत, सगळे पैकीच्या पैकी.

शाळा कधीच सुरू झाल्या, पण फोटोची सवय सुटलेली नाही. सुट्टी लागली, पाऊस वाढला, की ग्रुपवर वह्यांचे फोटो पडू लागतात. माझ्या ग्रुपवर मी ते बंद केलेत. फोटोऐवजी एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवायची. पान आणि ओळ मी त्याच वेळी सांगते. एका अब्बूंनी लगेच विचारलं, "टीचर, इसमें नंबर कितने?" मी लिहिलं, नंबर नाहीत. पान 34, तिसऱ्या ओळीपासून.