सरस, स्क्रू आणि बदलीचा हुकूम

लाकडी कपाट सरसाने सांधावे की स्क्रूने आवळावे, या वादाचा निकाल बहुधा मजबुतीच्या कसोटीवर लावला जातो. परंतु शिरूर व दौंड या दोन तालुक्यांपुरते तरी मला असे वाटते की, कपाटाच्या मालकास बदलीचा हुकूम येण्याचा संभव आहे की नाही, हा खुलासा सुताराने आधी करून घेणे अधिक सयुक्तिक होय.

१८७८ साली मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाल्यापासून दौंड हे बदलीवर येणाऱ्याजाणाऱ्या नोकरमाणसांचे गाव झाले. रेल्वेची क्वार्टर्स आणि पुढे राज्य राखीव पोलीस दलाच्या वसाहती यांतली बिऱ्हाडे दर काही वर्षांनी हलतात, आणि सरसाने अखंड झालेले सहा फुटी कपाट जिन्याच्या वळणावर अडकले, म्हणजे कोपरा फोडून ते उतरवावे लागते. सुटे होणाऱ्या सामानाची कल्पना काही आजची नव्हे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती (१८१७ च्या अखेरीस कोरेगावकडे निघालेली पलटण येथलीच). त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी दोन भागांत विलग होणारे खणांचे कपाट आणि पाय पिळून काढता येणारी मेजे, मुक्काम हलवण्याच्या हिशेबानेच बनवीत असत.

सरसाची बाजू मात्र दुर्बल नाही. जनावरांच्या कातड्याहाडांचा सरस मंद विस्तवावर पातळ करून गरम असेतोच लावण्याची दगदग, १९५९ साली फेव्हिकॉल आल्यानंतर हळूहळू मागे पडली. आणि दोन फळ्यांच्या कडा रंध्याने नितळ करून त्या शिकंज्यात रात्रभर नीट आवळल्या, तर पुढे लाकूड फाटेल पण सांधा उकलणार नाही, इतकी त्याची पकड असते. फळीच्या कापल्या तोंडावर मात्र सरस आत शोषला जातो व जोड कच्चा राहतो. तेथे कुसू आणि खाच यांवाचून गत्यंतर नाही. शिवाय वैशाखात हाडासारखे वाळलेले सागवान आषाढात रुंदीच्या अंगाने फुगते. दाराच्या चौकटीतील फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली, तर त्या प्रसरण-आकुंचनास वाव न उरल्यामुळे तिला उभी चीर पडते. सबब जुने सुतार ती खाचेत मोकळीच ठेवीत, आणि ते योग्यच होते.

स्क्रूचा दोष स्क्रूत नसून हातात असतो. आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे, आट्यांना किंचित साबण लावावा आणि मग पिळावे, हा शिरस्ता सोडून हातोड्याने तीनचतुर्थांश ठोकायचा व शेवटी दोन पीळ द्यायचे, ही रीत आता इतकी रूढ झाली आहे की, त्याला स्क्रू म्हणण्यापेक्षा महागडा खिळा म्हणावे. पार्टिकल बोर्डात तर तो एकदाच धरतो. दुसऱ्यांदा काढूनघालू गेले की भुसा निघतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. ज्यांना बदली चुकत नाही त्यांनी सुट्या करायच्या सांध्यांसाठी प्लायवूड घ्यावे व तेथे आरपार नटबोल्टची तजवीज करावी.

माझी तक्रार सुतारापेक्षा गिऱ्हाइकाबद्दल अधिक आहे. काम चौरस फुटाच्या दराने ठरते, सनमायकाचा रंग दोन दोन दिवस पसंत केला जातो, आणि त्याखालचा सांधा कोणत्या जातीचा आहे याबद्दल करारात चकार शब्द नसतो. कोणते जोड कायमचे व कोणते उकलण्याजोगे, एवढ्या दोन ओळी अंदाजपत्रकात लिहून घेण्यास काय हरकत आहे?

घोडनदीकाठच्या स्वतःच्या घरात भिंतीशी जन्माचे बसवायचे कपाट असेल, तर खुशाल सरस वापरावा. तरी स्वयंपाकघरातील बेसिनमागची फळी तेवढी स्क्रूवर ठेवावी. कारण नळ गळू लागला म्हणजे प्लंबर येतो, आणि चिकटवलेली फळी काढण्याचे त्याच्याजवळचे एकमेव साधन म्हणजे घण.