पदराच्या गाठीतली पन्नी

रोवणीच्या दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या आसपास कुठल्याही बांधीच्या धुऱ्यावर दुपारी जाऊन बसा. डबा उघडायच्या आधी पदराची गाठ सुटते आणि पन्नी निघते. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला खर्रा. चिमूट गालात जाते, पन्नी शेजारणीकडे सरकते. त्या बायकांत एखादी पाच-सहा महिन्यांची पोटुशीही असते. तिलाही खर्रा मिळतो, आणि तोही मायेनंच.

गरोदर बाईच्या हाती विडी-सिगारेट आपल्याकडे क्वचितच दिसते, म्हणून गरोदरपणातल्या तंबाखूचा प्रश्न शहरातल्यांचा असं आपण समजतो. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १.४ टक्के बायका धूम्रपान करणाऱ्या आढळल्या, तर तोंडातून तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के. निकोटीन धुरातून येवो की लाळेतून, रक्तात मिसळून ते वारेपर्यंत पोचतंच. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला मिळणारं रक्त कमी होतं. मग बाळ दिवस भरण्याआधी येण्याचा, अडीच किलोच्या आत भरण्याचा, पोटातच दगावण्याचा धोका वाढतो.

गेल्या पावसाळ्यात नात्यातल्या एका मुलीबरोबर दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गरोदर बायकांच्या तपासणीच्या रांगेत बसलो होतो. वजन झालं, बीपी झाला, हिमोग्लोबिन लिहिलं गेलं. खर्ऱ्याचं कुणी विचारलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "सोडला होता ना काका, आठ दिवस. डोकं लई ठणके. घरी सासू खाते, हे खातेत. वास आला की राहावत नाही."

आठ दिवस! तंबाखू सोडताना डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणं हा सगळा त्रास पहिल्या आठवड्यातच जास्त असतो. तीन-चार आठवड्यांत तो बराच ओसरतो. म्हणजे सगळ्यात अवघड चढण ती पोर एकटीनं चढून गेली होती. तेव्हा सोबतीला कुणी असतं, तर पुढची वाट सोपी होती. तिच्यात जिद्द नव्हती, असं मला कुणी सांगू नये.

मूलहून सावली गावावरून पुढे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे २०१६पासून 'मुक्तिपथ' हे दारू-तंबाखूमुक्तीचं काम चालू आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' संस्था त्यात आहे. गावागावांत संघटना, तालुक्याला व्यसन उपचाराचं क्लिनिक. व्यसन गावानं लावलेलं असतं, म्हणून सोडवायलाही गाव लागतं, हे त्या कामानं ओळखलं. आपल्या तालुक्यातही हे व्हायला हवं.

तोवर घरात होण्यासारखं पुष्कळ आहे. नवऱ्यानं तेवढे महिने तरी घरात खर्रा आणू नये. तिच्याबरोबर सोडलाच तर फारच चांगलं. तलफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात घोटभर पाणी, भाजलेले चणे, बडीशेप, दोन गोष्टी बोलायला माणूस. नुसती सुपारी मात्र नको, तीही अपायकारकच. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सहावा महिना लागला, आता काय उपयोग, असंही म्हणू नका. ज्या दिवशी सुटेल त्या दिवसापासून बाळाचा फायदा आहे.

आशाताईंनो, पुढच्या गृहभेटीत खर्ऱ्याचंही विचारा, पण रागावून नको. रागावलं की बाई लपवते. आणि तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, तो तिच्या कार्डावर लिहून द्या: १८००-११-२३५६.