पाळण्यांतलें नांव

आमचा धाकटा नातू मोटारी घडविणाऱ्या एका कारखान्यांत इंजिनियर आहे. गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां सर्वांच्या देखत मीं त्यास सहज विचारलें, "सध्यां कोणत्या गाडीचें काम चाललें आहे?" तो हंसून म्हणाला, "आजोबा, तिचें अजून बारसें व्हायचें आहे. आम्ही तिला जें म्हणतों, तें बाहेर सांगायचें नाहीं असें लिहून दिलें आहे." खरें सांगतों, वाचकहो, मला तें लागलें. ज्याच्याकडून मीं शब्दरूपावलि पाठ करून घेतली, त्यानें माझ्यापासून गुपित ठेवावें! तो जाईपर्यंत मी त्याच्याशीं मोजकेंच बोललों.

राग ओसरल्यावर मात्र या रीतीची माहिती मिळविली. नवी गाडी कागदावर उमटल्यापासून बाजारांत येईपर्यंत कांहीं वर्षें जातात. विक्रीचें नांव बहुधा उशिरां ठरतें. कारण तें दुसऱ्या कोणीं नोंदविलेलें नाहीं ना, परभाषेंत त्याचा भलताच अर्थ होत नाहीं ना, हें सारें पाहावें लागतें. तोंवर आराखड्यांवर आणि सुट्या भागांच्या मागणीपत्रांवर लिहावें काय? म्हणून एक कामापुरतें नांव देतात. तें असें असावें कीं, कागद परक्याच्या हातीं पडला तरी त्यास कांहीं उमगूं नये. १९५९ सालीं निघालेली इंग्लंडांतील चिमुकली 'मिनी' कारखान्यांत नुसती 'एडीओ १५' होती.

कधीं नांव दिशाभूल करण्यासाठींच योजतात. १९१५ सालीं इंग्लंडांत लिंकन येथें पहिला रणगाडा घडत होता, तेव्हां त्या पाण्याच्या टाक्या आहेत अशी हूल उठविण्यांत आली. तोच 'टँक' शब्द पुढें जगभर रूढ झाला. १९६९ सालीं 'रेंज रोव्हर'च्या चाचणीच्या गाड्या 'व्हेलार' या नांवानें रस्त्यावर फिरत. झांकणें या अर्थाच्या लॅटिन धातूशीं त्या शब्दाचें नातें आहे. २००८ सालीं टाटांकडे आलेल्या त्याच घराण्यानें २०१७ सालीं एका नव्या गाडीस तेंच नांव उघडपणें दिलें. आपल्याकडील महिंद्रांची 'स्कॉर्पिओ' तर २००२ सालीं बाजारांत आली, ती कामाच्या दिवसांतलें नांव तसेंच घेऊन.

हें वाचतांना मला आश्वलायन गृह्यसूत्र आठवलें. मुलास व्यवहारांतल्या नांवाखेरीज 'अभिवादनीय' असें आणखी एक नांव योजावें, आणि तें मुंजीपर्यंत केवळ आईबापांस ठाऊक असावें, असें त्यांत सांगितलें आहे. मूल कोवळें आहे तोंवर त्यास परक्या नजरेपासून जपावें, हाच हेतु असावा. हें सूत्र मीं कितीदां इतरांस समजावून दिलें. पण आपल्याच ओसरीवर तें उभें राहिलें, तेव्हां ओळखलें नाहीं. दिलेला शब्द आजोबांच्या रागापुढेंही न मोडणाऱ्या मुलावर मी रुसलों होतों!

परवां तो पुन्हां आला आणि नमस्कारास वांकला. मीं म्हटलें, "तुझ्या गाडीचें नांव मला सांगूं नकोस. तिची मुंज लागेल, त्या दिवशीं मात्र आमंत्रण पाठव." तो क्षणभर माझ्याकडे पाहात राहिला, मग म्हणाला, "पहिली चक्कर तुम्हांलाच घेऊन मारीन, आजोबा."

आतां मी त्या निनांवी गाडीची वाट पाहात आहें.